नव्याला पहिली जागा

गेल्या वर्षी लालबागला एका लग्नाला गेले होते. जेवायला बसले, तर पाठीमागच्या टेबलावर आमच्या मिलमधले दोन म्हातारे. संप फुटल्यावर जे थोडे लोक परत घेतले, त्यातले हे दोघं, साच्यावर म्हणजे मागावर काम करणारे. एक दुसऱ्याला सांगत होता की मिल बंद पडली ती त्या कॉम्प्युटरवाल्या बाईमुळे. मालकाकडून पैसे खाल्ले आणि सगळी डिझाइनं एका दुपारी पुसून टाकली. दुसरा जिलबी मोडत म्हणाला, तर काय, मलबार हिलला फ्लॅट घेतला तिने.

मलबार हिल. डोंबलाचं मलबार हिल. बाई शेवटपर्यंत दादरला राहिली, बापाने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत, जिथे स्वयंपाकघराचं छत पावसाळ्यात गळायचं आणि घरमालक दुरुस्त करायचा नाही. मी ताट तसंच ठेवून उठले. माझ्या सुनेला वाटलं, मला जेवण आवडलं नाही. जिभेला हाड नसलेल्या माणसांशी भांडायचं माझं वय राहिलेलं नाही, आणि भांडून उपयोग होत नाही हे मी एकदा चांगलं शिकले आहे. म्हणून हे लिहून ठेवते. मी लिहिणारी बाई नाही. मी वरळी कोळीवाड्यातली, चौकटीच्या कागदावर साडीचे काठ उतरवणारी ट्रेसर. आई मासळी विकायची. तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर चालवून घ्या.

कुमुद टिपणीस त्यांचं नाव. मिलमध्ये सगळे टिपणीस मॅडम म्हणत, पाठीमागे ‘टिपणीस इन्स्पेक्टर’. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि केसांना रबरबँड. तेल नाही, गजरा नाही, लग्न नाही. कोणी विचारलंच, मॅडम लग्न का नाही केलं, तर म्हणायच्या, “बघितलं नाही अजून.” ‘माहीत नाही’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ज्याचं उत्तर ठाऊक नसेल ते ‘बघितलं नाही अजून’. मग त्या खरंच बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणायच्या, तोवर विचारणारा प्रश्न विसरून गेलेला असायचा.

मी डिझाइन खात्यात लागले ती संपाच्या जरा आधी. मॅडम तेव्हा ऑफिसात पंच ऑपरेटर, म्हणजे हिशेबाची कार्डं मशीनवर टोचणाऱ्या, होत्या. संप लागला आणि गिरणगावाचं काय झालं ते मी सांगायला नको. आमच्यासारख्या स्टाफला कामावर यावंच लागे. मालकाची गाडी आम्हाला मागच्या गेटने आत घालायची, पडदे ओढून. मॅडम त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. परळ स्टेशनवरून चालत यायच्या आणि पुढच्या गेटने, संपकऱ्यांच्या मधून, आत जायच्या. शिव्या खायच्या. एकदा कोणा बाईने अंगावर शेणाचा गोळा मारला, तर तशाच आत आल्या आणि नळावर पदर धुऊन कामाला बसल्या. मी म्हटलं, कशाला हा हट्ट? म्हणाल्या, “संप चुकीचा आहे, मालक त्याहून चुकीचा आहे. माझं काम बरोबर आहे. मग मी पडद्याआड का जाऊ?” अशी बाई. खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोलायचं तेही मऊ करून बोलायचं नाही. त्यामुळे माणसं जोडली गेली नाहीत, यात नवल काही नाही.

माझ्याशी जमलं ते मासळीमुळे. बाईला मासे जीव की प्राण, पण दादरच्या बाजारात आपल्याला फसवतात हा त्यांचा पक्का समज. एका रविवारी आल्या वरळीला माझ्या आईकडे. बांगड्याचे कल्ले उघडून बघितले, पोट दाबलं, डोळे बघितले, वास घेतला, आणि मग विचारलं, हा रात्रीचा की पहाटेचा? आई दर्याच्या काठी जन्मलेली, तिला कोणी असं विचारलेलं नव्हतं. मॅडम गेल्यावर म्हणाली, “ही गिऱ्हाईक नाय गो, इन्स्पेक्टर हाय.” ते नाव मीच मिलमध्ये नेलं. मॅडमना कळलं तेव्हा म्हणाल्या, बरोबर आहे, आधी बघावं आणि मग हात घालावा. दर रविवारी त्या येत राहिल्या, आणि आई त्यांच्यासाठी चांगला वाटा वेगळा काढून ठेवू लागली.

संप फुटला. साचे खात्यात निम्मे साचे गंजले होते, माणसं गावी गेली होती, काही देवाघरी. पण आमच्या मिलच्या साड्यांचे काठ नावाजलेले होते. करवतकाठी, रुईफूल, गोमी, आणि खास मास्तरांनी काढलेले काठ. व्यापारी काठ बघून ऑर्डर द्यायचे. जोवर काठ होते तोवर मिलचं एक खातं तरी चालत होतं आणि तेवढ्या घरांत चूल पेटत होती.

मास्तर म्हणजे सावंत मास्तर, डिझाइन खात्याचे मुख्य. मालवणकडचे, राहायला लालबागच्या चाळीत. सगळा जन्म काठ काढण्यात गेला. त्यांचा धाकटा भाऊ संपात होता, म्हणून संपभर मास्तर बिनपगारी रजेवर घरी बसले. स्टाफमध्ये असं करणारे ते एकटेच. मोठे मानी, आणि देवाधर्माचे. त्यांचा एक नियम होता, नव्याला पहिली जागा. साचे खात्यात नवा माग आला की तो दारापाशी पहिला बसवायचा आणि जुने एकेक करून मागे सरकवायचे. ही त्या मिलची जुनी रीत, त्यांच्या बापाच्या वेळेपासूनची. नवं आलं त्याने घराचं तोंड बघावं, जुन्याला घर ठाऊक असतं, असं ते म्हणायचे. घरात नवी सून आली तेव्हा पहिल्या दिवशी तिला सगळ्यांच्या आधी जेवायला वाढलं होतं.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास मालकाचा मुलगा परदेशातून एक वर्कस्टेशन, म्हणजे डिझाइनचा कॉम्प्युटर, घेऊन आला. कुठल्या तरी स्टुडिओने वापरून टाकलेलं, म्हणजे आलं तेव्हाच जुनं. साडीच्या खोक्याएवढी चपटी पेटी आणि वर हा एवढा जड पडदा. त्यासोबत कागद वाचून घेणारा स्कॅनर. मास्तरांनी स्वतःचं टेबल खिडकीपासून उचलून मागे नेलं आणि त्या मशीनला खिडकीची जागा दिली. चालवायला मॅडमना आमच्या खात्यात पाठवलं.

सुरुवातीला दोघांचं विळ्या-भोपळ्याचं. मॅडम खोलीबाहेर चपला काढायला लावायच्या, त्यावर मास्तर खूश. पण आत तंबाखूला बंदी, त्यावर नाराज. मॅडमना एक सवय होती. मशीनची पेटी उघडण्याआधी त्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला हात लावायच्या. अंगातली वीज जमिनीत जाते आणि मशीनचे नाजूक भाग जळत नाहीत. आमच्या शिपायाला वाटलं, बाई नमस्कार करते. त्याने कपाटावर रोज एक फूल ठेवायला सुरुवात केली. मॅडमनी त्याला बसवून विजेचं सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दोन फुलं ठेवली. त्या दिवशी मास्तर आणि मॅडम दोघं मिळून हसले. मी मॅडमना मोकळं हसताना पाहिलं ते बहुधा तेवढंच.

मग मात्र ते दोघं जे कामाला लागले ते वर्षानुवर्षं. काठांची जुनी पुस्तकं होती, दोन माणसांनी उचलायची. पानापानावर हाताने रंगवलेले काठ आणि शेजारी कापडाचा तुकडा चिकटवलेला. मास्तर पान उलटायचे, मॅडम वाचून घ्यायच्या, मी पडद्यावर चौकट न् चौकट साफ करायची. मास्तरांना मशीन येत नव्हतं असं नाही. शिकले ते. पण बोटाने माऊस हलवताना जीभ बाहेर यायची, आणि मॅडम त्यांना म्हणायच्या, “मास्तर, आधी बघा, मग दाबा.” मास्तर म्हणायचे, बाई, साठीला आलेल्या माणसाक शाळेत घातलात.

काम संपत आलं आणि ऑफिसातून हुकूम आला. पुस्तकांची खोली रिकामी करा. मास्तर त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. म्हणाले, माझ्यावरून ने. मॅनेजरने मॅडमना समजूत घालायला पाठवलं, आणि मॅडम गेल्या, कारण त्यांना ते पटलेलं होतं. पुस्तकांना वाळवी लागली होती, ते खरंच होतं. त्या मास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, आता सगळं यात आहे. एक चौकट सुटलेली नाही. पुस्तकं जाऊ द्या. मी आहे ना.”  मास्तरांनी खुर्ची उचलली. रद्दीचा टेम्पो गेटबाहेर वळेपर्यंत ते उन्हात उभे होते. मॅनेजरने सांगितलं असतं तर ते जन्मात उठले नसते. उठले ते मॅडमच्या शब्दावर.

आणि मॅडमना शब्दाचं ओझं होतं. एका डिस्कवर सगळं आहे, ती गेली तर काय, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. टेपवर नक्कल ठेवायची सोय होती, पण जुन्या टेप दमटपणाने बुरसटलेल्या आणि ऑफिस नव्या मंजूर करीना. अर्जावर अर्ज, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या म्हणाल्या, मशीनमध्ये दुसऱ्या डिस्कची जागा रिकामी आहे, आपणच आणू. मला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेल्या. उन्हाचे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. दुकानदार म्हणायचा, मॅडम ये पुराना मशीन है, कोई भी डालो चलेगा. मॅडमना कोणतीही नको होती. त्याच कंपनीची, त्याच मापाची, जोडी लागेल अशी हवी होती, म्हणजे एक मेली तर दुसरी तिच्या जागी तशीच बसेल. एका पोटमाळ्यावर अखेर सापडली. सेकंडहँडचं मशीन, पण डिस्क नवी कोरी, पिशवीत बंद. दोन्ही डिस्क शेजारी ठेवल्या असत्या तर आईलासुद्धा ओळखू आल्या नसत्या. पैसे त्यांनी स्वतःचे घातले. परतताना गिरगावात उसाचा रस पाजला मला, ही त्यांची चैन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बसवली. पेटीत दोन खण, एकावर एक. डिस्क ड्रॉवरसारखी सरकवायची, स्क्रू नाही, काही नाही. मशीन डिस्क ओळखतं ते खणावरून. वरची पहिली, खालची दुसरी. जुनी वर होती, मॅडमनी नवी खाली सरकवली. मास्तरांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतः एकदा काढून घालून पाहिली. मग म्हणाले, उद्या खंडेनवमी आहे, हत्यारांची पूजा. नव्या वस्तूला पूजेआधी चालू करायचं नाही. मॅडम देव न मानणाऱ्या. कपाळावर आठ्या आल्या, पण म्हणाल्या, तुमची श्रद्धा, माझा एक दिवस. फक्त आत कुंकवाचा कण जाऊ देऊ नका.

खंडेनवमीला खात्यात झेंडूची तोरणं, साच्यांना हळदकुंकू, नारळ. मिलमधली ती शेवटची धड पूजा. मी दाराशी रांगोळी काढत होते. मास्तर आत मशीनपुढे पाठमोरे बसून मंत्र म्हणत होते. मॅडम पूजेला थांबल्या नाहीत. त्यांना तो प्रकार बघवायचा नाही. डबा घेऊन त्या खाली अंगणात जाऊन बसल्या. मला आजही वाटतं, त्या दिवशी त्या जरा वाकड्या तोंडाने का होईना, खोलीत उभ्या असत्या तर.

जेवणानंतर त्या वर आल्या. पेटी बंद, वर झेंडूची माळ. माळ काढून बाजूला ठेवली आणि कामाला बसल्या. नवी डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागते, म्हणजे त्यावर मशीनला समजतील अशा रेघा आखायच्या. वहीत लिहिण्याआधी समास पाडावा तसं. आखताना त्यावर आधी काही असेल तर ते जातं. हे काम करायला त्यांनी मशीन सीडीवरून चालू केलं. पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. मशीनने विचारलं कुठली. मॅडमनी दुसरी सांगितली. मशीनने विचारलं, नक्की? ते कोऱ्या डिस्कलाही तसंच विचारतं. त्यांनी हो म्हटलं. काल स्वतःच्या हाताने बसवलेली होती, त्यात बघण्यासारखं काय होतं?

दुपारभर ते चाललं. मास्तर पेढे वाटत फिरत होते. संध्याकाळी काम झालं, सीडी काढली, मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर आलं की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मॅडमनी कपाटाला हात लावला, पेटी उघडली आणि मला बॅटरी धरायला सांगितली.

वरच्या खणातल्या डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. एकेक बोट नीट, कडेला कुठे सांडलेलं नाही. नवीला पहिली जागा दिली होती मास्तरांनी. जुनी, सगळे काठ पोटात असलेली, तिला एक घर मागे सरकवलं होतं, खालच्या खणात. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नसणार. दारापाशी नवा माग बसवला तर कोणी बोंबलत सांगत नाही.

 मॅडमनी पदराने कुंकू पुसलं, चांगलं घासून पुसलं, आणि पेटी बंद केली. मला म्हणाल्या, “हेमा, हे तू बघितलं नाहीस.” मी म्हटलं, मॅडम, पण हे मास्तरांनी. त्या म्हणाल्या, “पुस्तकं जाऊ द्या असं त्यांना कोणी सांगितलं? मी सांगितलं. त्यांना हे कळलं तर ते जगायचे नाहीत. शब्द दे मला.” मी रडत होते. दिला शब्द.

मास्तरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. सगळं गेलं, फॉरमॅट करताना बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. एवढंच. यातला एक शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. मास्तर पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन उभे होते. त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. पुढचे कितीतरी दिवस मॅडम ती डिस्क घेऊन बाहेरच्या इंजिनिअरांकडे फिरल्या. सगळ्यांनी हात वर केले.

आणि मालकाचं म्हणाल तर आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. त्यांचा डोळा कधीचा मिलच्या जमिनीवर, ती विकण्यावर. डिझाइन खातं होतं म्हणून मिल चालू ठेवावी लागत होती, तो काटा आपोआप निघाला. मॅनेजरने मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. त्यांना वाटलं मेमो मिळणार, त्या उत्तर तयार करून गेल्या होत्या. त्याने चहा मागवला. बिस्किटं मागवली. होतं असं कधी कधी म्हणाला, आणि फोर्टच्या ऑफिसात चांगली जागा आहे, तुम्ही तिकडे या म्हणाला. मॅडमनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. मला पुढे एकदा म्हणाल्या, शेणाचा गोळा परवडला, तो चहा घशाखाली गेला नाही.

पण केबिनमध्ये चहा गेलेला शिपायाने पाहिला होता. बाईने नोकरी सोडली तीही लगेच. झालं, वडाची साल पिंपळाला. पैसे घेतले, फ्लॅट घेतला, मालकाच्या पोराशी आधीपासून होतं, काय वाट्टेल ते. आणि खातं बंद झालं, मागोमाग मिल बंद झाली, तेव्हा ज्यांची चूल विझली त्यांना नाव घ्यायला कोणीतरी हवंच होतं. मालकाला शिव्या देऊन काय होतं? तो ऐकायला नसतो. मॅडम ऐकायला होत्या, दादरला, चालत जाण्याच्या अंतरावर. कोणीतरी त्यांच्या दारावर काळं फासून आलं. त्यांनी ते पुसलं नाही, तसंच ठेवलं. मी गेले की म्हणायच्या, रंगाचा खर्च वाचला.

मास्तर त्या अफवेवर आधी विश्वास ठेवत नव्हते. हळूहळू ठेवायला लागले. मला वाटतं त्यांना त्याचा आधार झाला. नुसती चूक झाली आणि सगळा जन्म पुसला गेला, हे माणसाला पचत नाही. कोणीतरी मुद्दाम केलं म्हटलं की पचतं. चाळीच्या गॅलरीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बाईन् विकल्यान् माका. मी समोर बसून ऐकायची. तोंडाला कुलूप. मॅडमकडे जाऊन भांडायची, सांगा ना हो आता, मिलच नाही राहिली तर काय बिघडणार? त्या कोळंबी सोलत म्हणायच्या, मास्तर आहेत अजून.

मग मास्तर आजारी पडले. हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मी मॅडमना निरोप दिला, आणि त्या येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आल्या. तीच कडक इस्त्रीची साडी, केस सगळे पांढरे. चाळीत त्या जिना चढताना दारंदारं उघडली. आमच्या गिरणगावात दुश्मन आला तरी पाणी देतात. मास्तरांच्या बायकोने दिलं नाही.

मास्तर खाटेवर, नुसता सांगाडा. मॅडम उशाशी उभ्या राहिल्या. कोणी स्टूल पुढे केलं नाही. मास्तरांनी डोळे उघडून पाहिलं आणि ओळखलं. कायम त्यांना ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणणारा माणूस, हळू आवाजात म्हणाला,

“पैशे किती गावले, तां तरी आता सांग.”

 खोलीत, गॅलरीत, सगळीकडे माणसं. सगळ्यांचे कान इकडे. माझ्या डोक्यात काय झालं मला कळलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, मास्तर, यांनी काही नाही केलं. डिस्क तुम्ही बदललीत. खंडेनवमीला तुम्ही नवी वर घातलीत, पहिल्या जागी, आणि जुनी खाली. यांनी खालची पुसली, ती नवी समजून.

 मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात चादरीवरून उठला, बोटं पुढे झाली, जणू काही सरकवतायत, आणि तिथेच थांबली. त्यांना आठवत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांना आठवत होतं, आणि त्यांचा चेहरा जो झाला तो मी कोणाचा पुन्हा पाहू नये. त्यांनी मॅडमकडे मान वळवली.

“खरां?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्पष्ट. “ही माझं माणूस आहे, माझ्यासाठी काहीही बोलेल. डिस्क मीच उलटी बसवली. तुम्ही हात लावला नव्हतात, मास्तर.”

हात खाली आला. चेहरा सैल पडला. मास्तरांनी डोळे मिटले आणि मान भिंतीकडे केली. म्हणाले, “चल जा.” दोन दिवसांनी गेले, शांतपणे गेले, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगते. आणि लग्नातले ते म्हातारे जे शपथेवर सांगत होते की बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, तेही खोटं बोलत नव्हते. दोघंही त्या दिवशी गॅलरीत उभे होते.

मी मॅडमच्या मागे धावले. त्या जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला धरून उभ्या होत्या. मला वाटलं चक्कर आली, म्हणून दंड धरायला गेले. त्यांनी हात सोडवून घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण रागावल्या नव्हत्या. आवाज नेहमीचा होता.

“इतकी वर्षं मी नुसती गप्प होते, हेमा,” त्या म्हणाल्या. “आज खोटं बोलले. मरणाऱ्या माणसाशी. ते तू मला करायला लावलंस.”

आणि उतरून गेल्या. त्यानंतर रविवारचं वरळीला येणं बंद झालं. मी दोनदा दादरला गेले. दार उघडलं, मला बघितलं, काम आहे म्हणाल्या आणि दार लावलं. पुढे त्या गेल्याचं मला मासळीवाल्या एका बाईकडून कळलं, तेही महिन्याने.